स्वेटरच्या टाक्यांत अडकलेली हवा

कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठच्या गवतावर पहाटे दवाचे हिमकण होतात. बाजारपेठेत त्या वेळी एवढा गारठा नसतो. थंड हवा जड, ती रात्रभर उतारावरून घरंगळत तळ्याच्या खोलगट भागात साचते. अशा पहाटे साताऱ्याहून दुचाकीवर घाट चढणारा जाडजूड स्वेटर घालूनही कुडकुडतो. दोष लोकरीचा नसतो.

बसल्या जागी आपलं शरीर साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतं. ती अडवते लोकरीच्या नागमोडी केसांत आणि विणीच्या टाक्यांत थबकलेली हवा. पण टाके म्हणजे भोकंच. ताशी 50 किलोमीटरचा वारा त्यांतून शिरून साठलेली ऊब हुसकावतो. म्हणून विंडचीटर स्वेटरच्या वर हवा. पुष्कळ जण नेमकं उलट घालतात! एकावर एक दोन तंग स्वेटर चढवले तर टाके दबतात, हवा निघून जाते, उरतं फक्त वजन. माणदेशातल्या मेंढपाळाची घोंगडी मात्र एकटीच वारा बऱ्यापैकी अडवते, कारण ती मागावर घट्ट विणून चिंचोक्याची खळ दिलेली असते.

दुसरा शत्रू घाम, कारण पाणी हवेच्या सुमारे 24 पट उष्णता वाहून नेतं. अजिंक्यतारा चढताना स्वेटर कमरेला बांधावा, वर पोचल्यावर घालावा. सुती बनियन भिजली असेल तर आधी ती बदलावी. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही ओलसर लागत नाही, शिवाय शोषताना किंचित उष्णता सोडते. ॲक्रिलिकला हे जमत नाही, आणि बाजारातले स्वस्त स्वेटर बहुतेक त्याचेच. ओळखायचं तर एक धागा चिमट्यात धरून जाळा: लोकरीला केस जळाल्याचा वास येतो, राख बोटांनी चुरते, ॲक्रिलिक वितळून टणक काळा मणी होतो.

लोकरीच्या केसावर खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत गुंततात आणि स्वेटर आटतो, तो परत सैल होत नाही. गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरा. तारेवर टांगला तर पाण्याच्या भाराने लोंबतो.

होळीनंतर न धुता ट्रंकेत ठेवलेल्या स्वेटरला भोकं पडतात ती कसरीच्या अळ्यांमुळे. घामाचे, जेवणाचे डाग लागलेली लोकर या अळ्या सगळ्यांत आधी खातात. अळीपासून होणारा, उडणारा कसरीचा पतंग काहीच खात नाही.