बूस्टर वर की खाली?

कौलांवर चढून अँटेनाचा पाइप फिरवणारा एक, अंगणात निरोप्या म्हणून दुसरा आणि टीव्हीसमोर तिसरा. "आलं का?" "आलं, आलं... अरे, गेलं!" ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या गावी ज्यांच्या घरी टीव्ही होता, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाइप फिरवून फिरवून हात दुखले आणि तरी पडद्यावरच्या मुंग्या हटल्या नाहीत की शेवटी विषय यायचा बूस्टरचा, म्हणजे अँटेनाने पकडलेला सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा.

छतावरची ती ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना जपानची. सेंदाई इथल्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी 1926 च्या सुमारास ती मांडली. बूस्टर घरोघरी पोचला तो अमेरिकेत. तिथल्या सरकारने 1948 ते 1952 या काळात नव्या टीव्ही केंद्रांचे परवाने रोखून धरले होते. त्यामुळे लांबच्या शहराचं केंद्र कसंबसं पकडणं एवढंच लहान गावांच्या हाती होतं. तेव्हाचे बूस्टर व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, असत आणि टीव्हीशेजारी मांडून ठेवत.

गोम नेमकी इथेच होती. वरून खाली येईपर्यंत केबल थोडा सिग्नल खाते. खाली लावलेला बूस्टर मग उरलेला सिग्नल वाढवतो आणि त्याबरोबर मुंग्याही वाढवतो. शिवाय स्वतःच्या काही घालतो त्या वेगळ्याच. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज या संशोधन संस्थेच्या हॅराल्ड फ्रिस यांनी 1944 मध्येच याचं गणित मांडलं होतं: साखळीतला सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा (ॲम्प्लिफायर) किती गोंगाट करतो, यावर पुढचं बहुतेक सगळं ठरतं. 20 डेसिबलचा बूस्टर म्हणजे शंभरपट शक्ती; पण शंभरपट कशाची, हा खरा प्रश्न. म्हणजे बूस्टर केबलच्या आधी, वरच हवा. व्हॉल्व्हच्या जागी इवलासा ट्रान्झिस्टर आल्यावर बूस्टरची डबी एवढीशी झाली की ती थेट अँटेनाच्या पाइपवर बांधता आली. तिला लागणारी वीज खालच्या ॲडॉप्टरमधून त्याच केबलने वर जायची. चित्र खाली उतरतंय आणि वीज वर चढतेय, एकाच तारेतून! मला आजही ही करामत बूस्टरपेक्षा भारी वाटते.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पुढच्या वर्षी पुण्यालाही चित्र मिळू लागलं. बाकीच्या महाराष्ट्रात ज्याला हौस, त्याने उंच पाइप रोवावा आणि डोंगर आडवा येऊ नये म्हणून देवाला हात जोडावेत, अशी गत. मध्ये अख्खा डोंगरच असेल, तर बूस्टर तरी काय वाढवणार?

1982 च्या एशियाडने टीव्हीवर रंग आणला आणि 1984 मध्ये काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. यातले बरेचसे 100 वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक. अवतीभवतीच्या पंचवीसेक किलोमीटरपर्यंत त्यांचं चित्र चांगलं दिसे. त्यापलीकडच्या गावांना बूस्टर लागायचाच, पण गंमत अलीकडच्या गावांची झाली. प्रक्षेपक आता डोक्यावर आला, तरी पैसे मोजून आणलेला बूस्टर काढायचा कशाला, म्हणून लोकांनी तो तसाच ठेवला. जोरदार सिग्नलने तो गुदमरायचा. चित्रावर आडव्यातिडव्या रेघा यायच्या, आवाजात गुरगुर यायची आणि मेकॅनिक येऊन फक्त बूस्टर काढून केबल सरळ जोडून द्यायचा. त्याचे पैसे वेगळे.

नंतर केबलवाले आले. 2004 च्या डिसेंबरात दूरदर्शनची उपग्रहावरून थेट घरात येणारी मोफत डीटीएच सेवा आली आणि छतावर काड्यांच्या जागी छत्री बसली. जमिनीवरचे जुन्या पद्धतीचे (ॲनालॉग) प्रक्षेपकही, मोजके सोडले तर, 2022 च्या मार्चपर्यंत बंद करायचं ठरलं. मुंबई, औरंगाबादसारख्या काही शहरांत 2016 मध्ये जमिनीवरूनच डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं. त्यालाही अँटेना चालते. मात्र डिजिटलला मुंग्या येत नाहीत. सिग्नल कमी पडला की चित्राचे चौकोन होतात, मग ते गोठतं, मग काळा पडदा. पाइप फिरवणाऱ्याला खालून "थोडं डावीकडे" असं सांगावं, तर तेवढाही अंदाज त्यात येत नाही.