थेंब सुकला, कडं उरलं

लातूरच्या एका मित्राने घरी पहिल्यांदाच कृष्णधवल रीळ डेव्हलप केलं आणि सकाळी निगेटिव्हवर पांढुरकी कडी पाहून तो हबकला. "फिक्सर शिळा होता का रे?" हाच त्याचा पहिला प्रश्न. फिक्सर म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन. घरी फिल्म धुणारे बहुतेक जण आधी रसायनांवरच संशय घेतात. पण फिक्सिंग कमी पडलं तर फिल्म दुधाळ दिसते, आणि पुन्हा फिक्सरमध्ये घातली की निवळते. रेखीव काठाचे गोल डाग पाण्याचे असतात.

मी त्याला फिल्म ट्यूबलाइटखाली तिरकी धरायला लावली. कडी होती चकचकीत बाजूला, म्हणजे नुसत्या प्लास्टिकवर. त्याच्याकडे पाणी बोअरचं.

मुरणारं पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि खडकातलं कॅल्शियम विरघळवतं. ते बायकार्बोनेटच्या रूपात असतं, म्हणून पाणी नितळ दिसतं. थेंब सुकताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच थर. दुसरा स्रोत नसेल तर पिण्याच्या पाण्यात लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा भारतीय मानकाला चालतो. अशा पाण्याच्या ०.०५ मिलिलिटरच्या एका थेंबात ३० मायक्रोग्रॅम क्षार आले. पिणाऱ्याला ते जाणवतही नाहीत, पण निगेटिव्हवरचं २ मिलिमीटरचं कडं आठपट मोठ्या प्रिंटवर १६ मिलिमीटरचं होतं.

पण भरीव ठिपका न पडता कडंच का पडतं? मला यातलं सर्वांत सुंदर कोडं हेच वाटतं. १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी सांडलेल्या कॉफीच्या डागावरून ते उलगडलं. थेंबाचा काठ पृष्ठभागाला चिकटून बसतो, आत सरकत नाही. बाष्पीभवन सर्वांत जोरात होतं ते काठाशी. तिथलं पाणी उडालं तरी काठ जागचा हलत नसल्यामुळे मधलं पाणी सतत कडेकडे वाहत राहतं आणि येताना क्षार, धुळीचे कण सगळं घेऊन येतं. सुकत्या थेंबाच्या आत असा अखंड ओघ चालू असतो.

पाइपला चुंबक बांधला की पाणी मऊ होतं, अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. कॅल्शियम पाण्यातून काढलंच नाही, तर थेंब आटल्यावर ते फिल्मवरच उरणार.

खरा उपाय शेवटच्या धुण्यात आहे. मेडिकलमध्ये मिळणारं अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात अडीच मिलिलिटर फोटो-फ्लो (पाण्याचा पृष्ठीय ताण कमी करणारं द्रावण) घाला आणि फिल्म अर्धा मिनिट बुडवा. पृष्ठीय ताण घटला की थेंब उभे न राहता पातळ पापुद्रा होऊन निथळतात. जास्त घातलंत तर त्याचाच चिकट थर बसतो. मग फिल्म खाली चिमटा लावून टांगा आणि पंखा बंद ठेवा.

पडलेली कडी कार्बोनेटची असल्याने सौम्य आम्लात विरघळतात. मित्राने पांढरा व्हिनेगर तिप्पट पाण्यात मिसळून कापसाने फक्त चकचकीत बाजू हलकेच पुसली, आणि डिस्टिल्ड पाण्यात फिल्म पुन्हा धुतली. कडी गेली. सतराव्या फ्रेमवरचा एक डाग मात्र मॅट, म्हणजे चित्र धरणाऱ्या जिलेटिनच्या बाजूला होता. तिथे थेंबाखालचं जिलेटिन उशिरा आणि ओढ घेत सुकलं होतं, त्यामुळे चित्राची घनताच बदलली होती. आजीच्या कपाळाशी असलेला तो डाग तसाच राहिला.