मेंढीच्या रक्तातून हृदयाकडे

तूर निघाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात धनगरांचे कळप उतरतात. रात्री मेंढ्या वावरात बसाव्यात म्हणून शेतकरी धनगराला धान्य नाहीतर पैसे देतो. मेंढीनं टाकलेलं ते वावराचं खत. पेशीनं टाकलेल्या एका वस्तूची कहाणीही अशीच आहे, आणि तीही मेंढीपासूनच सुरू होते.

१९८३ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या कोवळ्या तांबड्या रक्तपेशी अभ्यासत होत्या. लोह आत घेणारी प्रथिनं पेशी पक्व होताना नकोशी होतात. ती इवल्या पिशव्यांत भरून बाहेर टाकली जात होती. पुढे या पिशव्यांना ‘एक्सोसोम’ हे नाव मिळालं. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. कापसाच्या एका तंतूच्या जाडीत शंभरएक सहज ओळीनं बसतील.

बरीच वर्षं ही पेशीची केरसफाईच समजली गेली. २००७ मध्ये स्वीडनच्या गोटेनबर्गमधल्या संशोधकांनी दाखवलं, की या पिशव्यांत आरएनए, म्हणजे जनुकांतली माहिती वाहून नेणारा रेणू, असतो आणि दुसऱ्या पेशीत पोचून तो तिथं कामाला लागतो. म्हणजे हा सांगावा होता!

हृदयाला अशा सांगाव्यांची फार गरज. मोठ्या माणसात हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाकाठी जेमतेम एक टक्का नव्या होतात. मेलेल्या पेशींच्या जागी व्रणच उरतो. आहेत त्या पेशींनी एकमेकींना सांभाळायचं. पण निरोप दरवेळी भल्याचाच नसतो. २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना दिसलं, की स्नायूपेशींच्या शेजारच्या, आधाराचं जाळं विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी पिशवीतून एक मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचा छोटा तुकडा, धाडतात आणि त्यानं स्नायूपेशी फुगते. हृदय जाड होण्यामागे हेही एक कारण.

मला सगळ्यात नवल वाटतं ते २०१९ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगाचं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जखमी हृदयाच्या पिशव्या रक्तातून पार हाडांतल्या मज्जेपर्यंत जातात. तिथल्या पेशींना जागेवर धरून ठेवणारं प्रथिन त्यामुळे कमी होतं, आणि त्या पेशी रक्तात उतरतात. कुठं छाती, कुठं मांडीचं हाड!

मूळ पेशींपासून, म्हणजे ज्यांतून इतर पेशी घडतात त्यांच्यापासून, मिळवलेले एक्सोसोम देऊन उंदीर आणि डुकरांत झटक्याचं नुकसान कमी करता आलं आहे. माणसांसाठी मात्र ते अजून मान्य औषध नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१९ मध्ये लोकांना तसं सावधही केलं. त्यामुळे कुणी एक्सोसोमच्या इंजेक्शनचे लाखभर रुपये सांगितले, तर त्यासाठी वावर गहाण टाकू नका. आणि छातीत कळ येऊन घाम फुटला, तर गॅस समजून ओवा खात बसू नका, १०८ ला फोन लावा. बंद पडलेली रक्तवाहिनी पहिल्या काही तासांत उघडली, तर स्नायू वाचतो.