रेषा थोड्या, पात्र पुरेपूर

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी अ‍ॅनिमेशन फिल्म तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन, एवढाच ऐवज होता. आकार पडद्यावर इकडून तिकडे सरकतात, चौकोनात शिरतात, बाहेर येतात, एकमेकांवर आदळतात. ३४ जणींना ही फिल्म दाखवून काय दिसलं ते लिहायला सांगितलं, तेव्हा फक्त एकीनं त्रिकोण आणि वर्तुळ सरकल्याचं वर्णन केलं. बाकी साऱ्यांनी गोष्ट लिहिली. मोठा त्रिकोण दांडगाई करतोय, लहान त्रिकोण त्याला भिडतोय, वर्तुळ घाबरून लपतंय. डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत, तरी स्वभाव मात्र प्रत्येकाला मिळाला.

कार्टूनचं पात्र घडवणाऱ्या चित्रकाराच्या पाठीशी हीच सवय उभी असते. माणसाचा मेंदू हालचालीत हेतू आणि आकारात स्वभाव शोधत राहतो. त्याला तपशील फारसे लागतात असं नाही, नेमक्या खुणा लागतात. त्या कुठल्या, हे चित्रकारांनी खोडरबर झिजवत शोधून काढलं. प्रयोगशाळा तिथवर बऱ्याच उशिरा पोचल्या.

सुरुवात रेषेपासून करू. खरं तर रेषा ही मोठी विचित्र गोष्ट आहे, कारण निसर्गात ती जवळजवळ नसतेच. गालाला काळी कड नसते. गाल संपतो आणि मागची भिंत सुरू होते, एवढंच. मग कडेवर ओढलेली एक रेघ बघून आपल्याला अख्खा गाल कसा दिसतो? डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल १९५०च्या दशकाच्या अखेरीस मांजराच्या मेंदूतल्या दृष्टिपेशींवर काम करत होते. पेशीला काळे-पांढरे ठिपके दाखवून काही हाती लागत नव्हतं. मग काचेची स्लाइड यंत्रात सरकवताना तिच्या कडेची सावली एका विशिष्ट तिरकसपणानं पडद्यावरून गेली आणि पेशी एकदम तडतडू लागली. दृष्टीच्या पहिल्या टप्प्यांवर मेंदू कडा आणि त्यांची दिशा टिपतो, हे त्यातून उलगडलं. दोघांना १९८१चं नोबेल मिळालं. मेंदू ज्या कडा स्वतः शोधून काढणार, त्या रेखाचित्र आयत्याच हातात ठेवतं.

हे शिकावं लागतं का, याचं उत्तर ज्युलियन हॉकबर्ग आणि व्हर्जिनिया ब्रूक्स यांनी १९६२मध्ये प्रसिद्ध केलं, तेही एका मुलावर केलेल्या धाडसी प्रयोगातून. या मुलाला जवळजवळ १९ महिन्यांचा होईपर्यंत चित्रांपासून शक्य तितकं दूर ठेवलं होतं आणि चित्र दाखवून नाव सांगण्याचा खेळ तर त्याच्याशी कधीच खेळला नव्हता. पुढे रेखाचित्रं समोर ठेवल्यावर त्यानं ओळखीच्या वस्तू धडाधड ओळखल्या. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देईल असं वाटत नाही.

चेहऱ्याची गोष्ट याहून खोल जाते. नवजात बाळंसुद्धा चेहऱ्यासारख्या मांडणीकडे जास्त वेळ वळून बघतात. वर दोन ठिपके, खाली एक, इतकं पुरतं. तेच ठिपके विस्कटले की बाळाचा रस ओसरतो. मेंदूच्या खालच्या बाजूला, कानशिलाच्या भागात, चेहरा दिसताच विशेष जोमानं काम करणारा एक पट्टा असतो. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. विजेच्या सॉकेटमध्ये, गाडीच्या दिव्यांमध्ये आपल्याला चेहरे दिसतात, ते चेहऱ्याच्या बाबतीत मेंदू इतका उतावळा असल्यामुळे.

पण चेहरा दिसणं आणि अमुक एकाचा चेहरा ओळखणं यांत फरक आहे. माणसांचे चेहरे मुळात कमालीचे सारखे असतात. दोन डोळे, मध्ये नाक, खाली तोंड. फरक असतो तो काही मिलिमीटरांचा. तरी गर्दीत आपण ओळखीचा माणूस क्षणात हेरतो. याबद्दलची एक वजनदार कल्पना अशी, की पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून मेंदू एक सरासरी चेहरा तयार करतो आणि प्रत्येक नवा चेहरा त्या सरासरीपासून कुठे आणि किती ढळला, अशा रूपात जपून ठेवतो. याचे नाक सरासरीहून लांब, तिच्या भुवया सरासरीहून वर.

अर्कचित्र काढणारा माणूस नेमकं हेच करतो. सुसान ब्रेनन यांनी एमआयटीत असताना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाकडूनही ते करवून घेतलं. चेहऱ्यावरच्या ठरावीक बिंदूंच्या जागा मोजायच्या, सरासरी चेहऱ्याच्या बिंदूंशी त्यांची तुलना करायची आणि जो फरक निघेल तो वाढवायचा. लांब नाक आणखी लांब होतं, सरासरीइतकी हनुवटी होती तिथेच राहते. मग १९८७मध्ये गिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुसान केरी यांनी ओळखीच्या माणसांची अशी चित्रं लोकांना दाखवली. अतिशयोक्ती केलेली चित्रं खऱ्या मापाच्या रेखाचित्रांपेक्षा लवकर ओळखली गेली. फरक कमी करून चेहरा सरासरीकडे नेलेली चित्रं सर्वांत उशिरा. पुढे छायाचित्रांवर असेच प्रयोग झाले तेव्हा परिणाम बराच सौम्य निघाला. मला यात विसंगती दिसत नाही. छायाचित्रात त्वचा, छटा, उजेड अशी भरपूर माहिती असते. रेखाचित्रात ती गाळलेली असते, म्हणून उरलेल्या रेषांना जास्त जोर लावून बोलावं लागतं.

माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर पुरावा मात्र माकडांकडून आला. विनरिश फ्रायवाल्ड, डोरिस त्साओ आणि मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी मकाक माकडांच्या मेंदूतल्या चेहरा ओळखणाऱ्या पेशींची नोंद घेतली आणि त्यांना दाखवले चक्क कार्टून चेहरे. २००९मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. कार्टूनच का? कारण कार्टून चेहऱ्यात दोन डोळ्यांमधलं अंतर, बुबुळाचा आकार, चेहऱ्याची उंची असा एकेक गुण बाकीच्यांना धक्का न लावता बदलता येतो. असे १९ गुण त्यांनी बदलून पाहिले. एकेक पेशी त्यांतल्या मोजक्याच गुणांची दखल घेत होती. आणि बहुतेकदा पेशी मधल्या, साधारण मापाला नव्हे, तर टोकाच्या मापाला सर्वांत जोरात प्रतिसाद देत होती. डोळ्यांतलं अंतर कमाल, किंवा किमान. बुबुळ प्रचंड, किंवा अगदी बारीक. अशा यंत्रणेला प्रमाणबद्ध चेहरा मिळमिळीत वाटणार आणि कार्टून झणझणीत, यात नवल काय?

टोकाची ही ओढ प्राणिजगतात इतरत्रही दिसते. हेरिंग गल या समुद्रपक्ष्याची पिल्लं आईच्या पिवळ्या चोचीवरच्या लाल ठिपक्यावर टोचा मारून खाऊ मागतात. निको टिनबर्गन यांनी त्यांच्यासमोर पांढरे पट्टे रंगवलेली एक बारीक लाल काडी धरली, तर पिल्लं खऱ्या दिसणाऱ्या डोक्याच्या नमुन्यापेक्षा तिच्यावरच जास्त तुटून पडली. काडी आईसारखी अजिबात दिसत नव्हती. आईतली कामाची खूण तेवढी तिच्यात ठासून भरली होती.

टिनबर्गनबरोबर १९७३च्या नोबेलचे मानकरी ठरलेले कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ सालीच माणसाच्या बाबतीतली अशी एक खूण मांडली होती. शरीराच्या मानानं मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, चेहऱ्यात खाली बसलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय. हा संच दिसला की आपल्यात सांभाळ करण्याची इच्छा जागी होते, मग समोर बाळ असो, पिल्लू असो की बाहुली. बाळांच्या छायाचित्रांत हीच प्रमाणं कमीजास्त करून मेंदूच्या चित्रणाचे प्रयोग पुढे झाले. बाळपणाच्या खुणा वाढवल्या, तर मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग जास्त सक्रिय होतो, असं २००९मध्ये दिसलं.

जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९७९ साली या कल्पनेचा फूटपट्टी घेऊन पडताळा पाहिला, आणि तोही मिकी माउसवर. १९२८चा मिकी हा काटकुळा, टोकदार नाकाचा, खोडसाळ उंदीर होता. वर्षं सरत गेली तसा तो सभ्य झाला आणि त्याबरोबर त्याचं शरीरही बदललं. गूल्ड यांच्या मापांनुसार डोळ्याचा आकार डोक्याच्या लांबीच्या २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. डोकं शरीराच्या ४२.७ टक्क्यांवरून ४८.१ टक्के झालं. पुढचा कान मागे सरकला, त्यामुळे कपाळ फुगल्यासारखं दिसू लागलं. म्हणजे मिकी वयानं वाढत गेला आणि अंगानं लहान होत गेला. असं करायचं हे कुणी ठरवलं होतं, असं समजायची गरज नाही. प्रत्येक पिढीतला चित्रकार थोडं गोड, थोडं लाडकं करत गेला की शेवटी बाळच हाती येतं.

इथे जरा थांबतो, कारण या सूत्राचा आता अतिरेक झालाय. मोठं डोकं, बशीएवढे डोळे, नाममात्र नाक. पात्र गोंडस होतं, पण शेजारच्या गोंडस पात्रासारखंच होतं. गोडवा आणि ओळख ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम सरासरीपासून ढळूनच साधतं. आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’मध्ये बाळपणाची एकही खूण शोधून सापडायची नाही. टक्कल, कडेला उरलेले केस, चश्मा, झुपकेदार मिशी, चौकड्यांचा कोट, धोतर. वर तोंडातून शब्द नाही. तरी हा माणूस चित्राच्या कुठल्याही कोपऱ्यात उभा असला तरी सापडतो.

आकारांविषयी असंच एक सूत्र शिकवलं जातं: वर्तुळ म्हणजे प्रेमळ, चौकोन म्हणजे भक्कम, त्रिकोण म्हणजे खलनायक. त्याला काही आधार जरूर आहे. मोशे बार आणि माइटल नेटा यांनी २००६मध्ये दाखवलं की साध्या वस्तूंमध्येही लोक टोकदार कडांपेक्षा गोलसर कडा पसंत करतात. त्रिकोणाच्या बाबतीत दिशा महत्त्वाची ठरते. टोक खाली असलेला कोन टोक वर असलेल्या कोनापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो आणि लवकर नजरेत भरतो, असं प्रयोगांत आढळलं. रागावलेल्या भुवया मध्यभागी खाली उतरतात त्या याच आकारात. आवाजाचंही असंच आहे. ‘बूबा’ आणि ‘किकी’ या निरर्थक शब्दांपैकी गोलसर आकृतीचं नाव कोणतं, असं विचारल्यावर बहुतेक लोक ‘बूबा’ म्हणतात. २५ भाषा बोलणाऱ्यांवर केलेल्या एका पाहणीत, जी २०२२मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे ७२ टक्के उत्तरं या अपेक्षेनुसार आली. म्हणजे कल खरा आहे. पण तो कल आहे, नियम नव्हे, आणि उरलेल्या २८ टक्क्यांत चित्रकाराला खेळायला पुष्कळ जागा आहे. गोलमटोल खलनायक जास्त अंगावर येतो, कारण त्याच्या गोलाईनं आपण आधीच गाफील झालेलो असतो.

वास्तवाच्या फार जवळ जाण्यातही धोका असतो. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली मांडलं की कृत्रिम आकृती माणसासारखी होत गेली की ती आवडू लागते, पण अगदी जवळपास माणूस झाली की एकाएकी शिसारी येते. आवडीच्या आलेखातल्या या खोल घसरणीला त्यांनी दरी म्हटलं. कार्टून त्या दरीच्या अलीकडेच तळ ठोकून असतं, म्हणून त्याला मोकळीक मिळते.

मेंदूच्या सवयींइतकाच पात्राला आकार देतो तो कामाचा रगाडा. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरलं तरी सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रं लागतात. सदऱ्यावर एक पट्टी वाढवली, तर ती मिनिटाला ७२० वेळा काढावी लागते. हातानं काढलेली पात्रं वर्षानुवर्षं एकाच साध्या पोशाखात का वावरतात, त्याचं एक कारण इथे सापडतं. मिकीला पांढरे हातमोजे १९२९मध्ये मिळाले. कृष्णधवल पडद्यावर काळे हात काळ्या अंगासमोर आले की दिसेनासे होत. डोळ्यांत वेगळ्या बाहुल्या त्यानंतर दहाएक वर्षांनी आल्या आणि तो कुठे बघतोय हे कळू लागलं. नजरेची दिशा मिळाली की अर्ध्या संवादाचं काम होतं.

अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत पात्र मंजूर होण्याआधी त्याची काळी छायाकृती काढून बघण्याची पद्धत आहे. आत एकही रेघ नाही, फक्त बाह्याकार. तेवढ्यावर पात्र ओळखू आलं नाही, किंवा ते काय करतंय हे समजलं नाही, तर परत कागदापाशी. हात छातीसमोर धरून काही दाखवणारी पोझ इथे हमखास नापास होते, कारण हात अंगाच्या काळ्यात बुडून जातात. हात अंगापासून बाजूला काढला की लगेच वाचता येतो. यात पास झालेल्या पात्राची मग मॉडेल शीट बनते. समोरून, बाजूनं, पाठीमागून; पात्र किती डोक्यांएवढं उंच, डोळे कुठल्या रेषेवर, हसताना गाल कुठवर जातात. दहा चित्रकारांच्या दहा हातांतून एकच व्यक्ती उतरावी, यासाठी हा नकाशा.

आणि तरीही हा नकाशा पूर्ण खरा नसतो. मिकी समोर बघो की बाजूला, त्याचे दोन्ही कान गोलच दिसतात. खऱ्या, घन वस्तूच्या बाबतीत हे अशक्य आहे. चकतीसारखा कान बाजूनं चपटा दिसायलाच हवा. कागदावर ही लबाडी फुकट खपते, कारण प्रेक्षक कानांची भूमिती तपासत नाही, दोन गोल शोधतो. संगणकातल्या त्रिमितीय पुतळ्यात मात्र कॅमेरा फिरला की भूमिती खरं बोलू लागते. मग तोच गोलावा टिकवायचा, तर त्या त्या कोनासाठी कान हातानं सरकवून, वळवून बसवावा लागतो, आणि कॅमेरा पुढे सरकला की पुन्हा.