कुत्र्याला गुंगी देणं आणि त्याची भीती घालवणं

परदेशात बदली झाली, व्हिसा आला, सामानाची बांधाबांध सुरू झाली, की घाबरट कुत्रा असलेल्या घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो. व्हेटसमोर तो जवळपास ठरलेल्या शब्दांतच विचारला जातो: "डॉक्टर, प्रवासापुरतं याला झोपवता येईल का?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते. आपलं जनावर अंधारात एकटं भेदरून बसणार, त्यापेक्षा झोपून जावं आणि थेट नव्या घरी जागं व्हावं, असं कुणालाही वाटेल. पण या एका वाक्यात दोन निराळ्या मागण्या मिसळलेल्या असतात. एक म्हणजे कुत्र्याची हालचाल थांबवणं आणि दुसरी म्हणजे त्याची भीती कमी करणं. दोन्हींची औषधं वेगळी, शरीरावरचे परिणाम वेगळे, धोकेही वेगळे. बाहेरून बघणाऱ्याला मात्र दोन्ही कुत्रे सारखेच दिसतात, गप्प पडलेले.

फरक पाहायचा असेल तर लक्ष्मीपूजनाची रात्र आठवा. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांना एसप्रोमाझिन या गुंगीच्या औषधाची गोळी देण्याची पद्धत जुनी आहे. गोळी लागू झाली की कुत्रा सोफ्याखाली पसरतो. मागचे पाय लुळे पडलेले, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी अर्ध्या बुबुळावर आलेली. घरातल्यांना हायसं वाटतं. पण जवळ बसून नीट बघा. खाली सुतळी बॉम्ब फुटला की त्याच्या अंगावरून थरथर जाते, कान मागे जातात, ओठ चाटले जातात. एखादा उठायला धडपडतो, पाय साथ देत नाहीत म्हणून पुन्हा बसकण मारतो. आवाज त्याला ऐकू येतोय, भीती वाटतेय, फक्त पळता येत नाहीये. काही कुत्रे तर या औषधावर असताना अचानक झालेल्या आवाजाला नेहमीपेक्षा जास्त दचकतात. म्हणूनच प्राण्यांच्या वर्तनावर काम करणारे पशुवैद्य भीतीसाठी एकट्या एसप्रोमाझिनवर भिस्त ठेवत नाहीत. ऑपरेशनआधी, डॉक्टर शेजारी असताना, हेच औषध उत्तम काम करतं. अडचण आहे ती त्याला भीतीचं औषध समजण्यात.

दिवाळीत निदान आपण शेजारी असतो. विमानाच्या पोटात कुणीच नसतं, आणि तिथे गुंगीचा धोका वाढतो. एसप्रोमाझिनने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. शरीराचं तापमान राखण्याची यंत्रणा मंदावते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड ठेवतो. गुंगीत धापाच नीट टाकता आल्या नाहीत, तर उकाड्यात तो तापत जातो आणि गारठ्यात गार पडत जातो. त्यात उडत्या विमानातली हवा साधारण ८,००० फूट उंचीवर असावी इतकी विरळ होऊ शकते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. निरोगी, जागा कुत्रा ही विरळ हवा सहज निभावतो. ज्याचा श्वास आणि रक्तदाब औषधाने आधीच दबलेला आहे, त्याचं तसं नाही. शिवाय विमान वळलं, हादरलं की जागा कुत्रा पंजे रोवून तोल सावरतो. गुंगीतला क्रेटच्या, म्हणजे प्रवासाच्या पेटीच्या, भिंतीवर आपटतो. मान वेडीवाकडी होऊन श्वासनलिका दबली, तरी ती सरळ करण्याचं भान त्याला नसतं.

पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या जातींत हा धोका फार मोठा. त्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो. अनेक विमान कंपन्या यातल्या काही जातींना होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात, घेतच नाहीत. बॉक्सरमध्ये तर एसप्रोमाझिनने भोवळ येऊन कोसळण्याची प्रवृत्ती पशुवैद्यांना माहीत आहे. नाक आखूड असेल तर गुंगीचा विषय तिथेच संपवावा, असं मी स्पष्टच म्हणेन.

नियमांचा रोखही हाच आहे. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशन हवाई प्रवासात गुंगीची औषधं देऊ नयेत असा सल्ला देते, कारण हृदयाचे आणि श्वसनाचे त्रास वाढू शकतात. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे, म्हणजे आयाटाचे जिवंत प्राण्यांविषयीचे नियम गुंगीला प्रोत्साहन देत नाहीत. बऱ्याच कंपन्या झिंगलेला दिसणारा कुत्रा काउंटरवरूनच परत पाठवतात. घर सोडलेलं, सामान पुढे गेलेलं आणि कुत्रा हातात, ही वेळ कुणावर येऊ नये.

आता दुसरी बाजू. भीती कमी करणारी औषधं मेंदूतल्या भीतीच्या प्रतिक्रियेवरच काम करतात. ट्रॅझोडोन हे मुळात माणसांच्या नैराश्यावरचं औषध. गॅबापेंटिन हे माणसांच्या फिट्स आणि नसांच्या वेदनांवरचं. दोन्ही आता घाबरट कुत्र्यांसाठी प्रसंगानुसार, म्हणजे प्रवास किंवा दवाखान्याच्या एक-दोन तास आधी दिली जातात. फ्लुओक्सेटिनची तऱ्हा वेगळी. ती रोजची गोळी, आणि तिचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. उड्डाणाच्या आदल्या दिवशी ती सुरू करून काहीच साधत नाही. औषध योग्य बसलं तर काय दिसतं? कुत्रा उभा राहतो, हाक मारली की बघतो, हातातला चिकनचा तुकडा खातो. खाणं ही सगळ्यात सोपी खूण आहे. जबर घाबरलेला कुत्रा आवडीचा तुकडाही तोंडात घेत नाही.

इथपर्यंत सगळं सुटसुटीत वाटतं, पण तसं नाही. भीतीचं औषधही डोस वाढला की गुंगी आणतं. गॅबापेंटिन जास्त झालं की कुत्रा दारुड्यासारखा झोकांड्या खातो. मग तोही गुंगीच्या बाजूलाच जाऊन बसतो, चिठ्ठीवर नाव काहीही असो. उलट ज्या गोळीने शेजाऱ्यांचा लॅब्रॅडोर निवांत झाला, तीच घेऊन तुमचा इंडी, म्हणजे देशी कुत्रा, अस्वस्थ होऊन रात्रभर फेऱ्या मारू शकतो. ट्रॅझोडोनवर असं उलटं वागणारे कुत्रे असतात. त्यामुळे जे काही द्यायचं ठरेल त्याची रंगीत तालीम घरी व्हायलाच हवी, सुट्टीच्या दिवशी, दिवसभर नजर ठेवून. किती वेळात लागू होतं, किती वेळ टिकतं, चालताना पाय कसे पडतात, पाणी पितो का, हे लिहून ठेवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. विमान कंपनीला हे औषध चालतं का, हेही लेखी विचारावं. काही कंपन्या गुंगी आणि भीतीची गोळी यांत फरकच करत नाहीत. आणि एक महत्त्वाचं: माणसांसाठीच्या पातळ गॅबापेंटिनच्या काही बाटल्यांत झायलिटॉल नावाचा गोडी आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांसाठी विष आहे. मेडिकलमधून आपल्या मनाने बाटली आणू नये.

काही कुत्र्यांचं दुखणं भीतीचं नसतंच, मळमळीचं असतं. गाडीत लाळ गाळणारा, घाट लागला की ओकणारा कुत्रा घाबरट ठरवला जातो. त्यासाठी मॅरोपिटंट हे उलटीवरचं औषध आहे, आणि पोट शांत झालं की यातले काही कुत्रे आपोआप निवळतात. डॉक्टरांना हे वेगळं सांगायला हवं.

पण कुठलीही गोळी असो, भीती खऱ्या अर्थाने उतरते ती क्रेटच्या सरावाने. माझा सगळा जोर यावर आहे. विमानाला चालणारा प्लॅस्टिकचा क्रेट दोन अर्ध्या भागांचा असतो, बोल्टांनी जोडलेला. पहिले काही दिवस वरचा भाग आणि दार काढून नुसती खालची परात जमिनीवर ठेवायची, त्यात त्याचीच जुनी गोधडी. जेवण तिथेच. काही कुत्र्यांना प्लॅस्टिकवर नखं घासल्याचा आवाजच नको असतो. ते पुढचे दोन पाय आत टाकतात आणि मान लांब करून वाटीपर्यंत पोचतात. पोचू द्यावं. मागचे पाय आपणहून आत आले की मग छप्पर, मग दार, मग हाड चघळून होईपर्यंत बंद दार, मग कडीचा आवाज, मग अंधार.

एक पायरी जवळपास सगळेच विसरतात: क्रेट उचलणं. घरात तो एका जागी असतो. विमानतळावर तो ट्रॉलीवर चढतो, तिरपा होतो, हिसके खातो. पायाखालची जमीनच हलते, आणि घाबरट कुत्र्याला हेच सहन होत नाही. घरात दोघांनी मिळून क्रेट चार बोटं उचलावा, खाली ठेवावा, खाऊ द्यावा. मग खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावा, मग लिफ्टने खाली, मग गाडीत. विमानाच्या आणि ट्रॉल्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंग जेवताना अगदी बारीक आवाजात लावून हळूहळू वाढवता येतात. उड्डाणापेक्षा चढवण्या-उतरवण्याच्या वेळीच गोंगाट जास्त असतो, हे लक्षात ठेवावं. जिवंत प्राणी नेतात तो होल्ड हवेच्या दाबाचा आणि नियंत्रित तापमानाचा असतो, आणि एकदा विमान वर गेलं की तिथे अंधार आणि एकसुरी घरघर उरते. सराव झालेले कितीतरी कुत्रे तिथे खरंच झोपतात. ती झोप औषधाची नसते.

क्रेटच्या मापात काटकसर करू नये. आत कुत्र्याला छपराला डोकं न लागता उभं राहता यायला हवं, वळता यायला हवं, पाय पसरून झोपता यायला हवं. चारही बाजूंनी हवा खेळायला हवी, पाण्याची वाटी बाहेरून भरता येईल अशी. चपट्या नाकाच्या कुत्र्यासाठी एक माप मोठा.

एवढा सराव करायला वेळ कुठून आणायचा, असं वाटेल. तर तो वेळ कागदपत्रंच देतात. भारतातून ब्रिटनला किंवा युरोपीय संघातल्या देशात जायचं असेल तर आधी मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती), मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची टायटर टेस्ट, म्हणजे लस पुरेशी लागू झाली का याची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून पुढे ३ महिने थांबणं. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. कुत्रा किमान ६ महिन्यांचा हवा, आणि भारत रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्याने भारतात लस दिलेल्या कुत्र्याला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची टायटर नसेल तर २८ दिवसांचं क्वारंटाइन. निघताना मुंबईसारख्या ठिकाणच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिस या सरकारी कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे लंडन किंवा फ्रँकफर्टला जाणाऱ्याच्या हातात लसीपासून चार महिने असतातच. बरेच जण ते चार महिने फायली आणि एजंटच्या फोनमध्ये घालवतात आणि क्रेट शेवटच्या आठवड्यात घरी आणतात. मग झोपेच्या गोळीची आठवण होते. लस टोचली त्याच आठवड्यात क्रेट दिवाणखान्यात यायला हवा.

ब्रिटनला विमानाने जाणारा पाळीव कुत्रा केबिनमध्ये चालत नाही, सहायक श्वान सोडले तर त्याला कार्गोनेच जावं लागतं. म्हणजे मालक सोबत नसतानाचे तास जास्त, आणि निघताना परक्या माणसांच्या हातात जाणं आलंच. कार्गो टर्मिनलवर क्रेट तपासताना कुत्र्याला बाहेर काढतात. घाबरट कुत्रा पळण्याची सगळ्यात धोक्याची घडी हीच. गुंगीतला कुत्रा इथे अर्धवट जागा होतो, भांबावतो आणि एरवी कधी न चावलेला असला तरी चावू शकतो. भीती उतरलेला कुत्रा क्रेट दिसला की आपणहून आत शिरतो, कारण सगळ्या ओरड्यात त्याच्या ओळखीची तेवढीच एक जागा असते. मान काढून घेता येणार नाही असा हार्नेस तपासणीपुरता घालावा, क्रेटमध्ये मात्र काढावा, अडकण्याची भीती असते. एप्रिल-मे टाळून थंडीतली, रात्रीची फ्लाइट घ्यावी. निघण्याआधी काही तास हलकं जेवण, भरपूर फिरणं.

उतरल्यावरही दोघांतला फरक दिसतो. हीथ्रोवरच्या ॲनिमल रिसेप्शन सेंटरमध्ये किंवा फ्रँकफर्टच्या ॲनिमल लाउंजमध्ये प्राणी हाताळणारी सरावलेली माणसं असतात. शुद्धीतला कुत्रा पाणी पितो, अंग झटकतो, शेपटी खाली का असेना, पण वास घेत पुढे येतो. त्याला काय होतंय हे त्या माणसांना वाचता येतं. गुंगीतल्या कुत्र्याकडे बघून तो औषधाने सुस्त आहे की खरंच आजारी, हे पटकन कळत नाही. त्यामुळे दिलेल्या औषधाचं नाव, डोस आणि वेळ कागदावर लिहून क्रेटवर चिकटवावं, प्रत आरोग्य प्रमाणपत्रासोबत ठेवावी. नव्या घरी पोचल्यावर उरलेली गोळी आपल्या मनाने पुन्हा देऊ नये. पहिले काही आठवडे दारं-खिडक्या बंद, बाहेर जाताना हार्नेस आणि गळपट्टा दोन्हींना वेगवेगळे दोर, आणि मायक्रोचिपच्या नोंदीत नव्या देशातला फोन नंबर पहिल्याच दिवशी. क्रेट लगेच मोडून माळ्यावर टाकू नये. दार काढून, तीच गोधडी आत ठेवून, तो कोपऱ्यात राहू द्यावा.