‘सेंद्रिय’ म्हणून विकायचंय? पीजीएस प्रमाणपत्रासाठी आधी पाच जण जमवा

शहापूर-मुरबाडकडची भेंडी, काकडी, तांदूळ ठाण्यात ‘सेंद्रिय’ या पाटीखाली चार पैसे जास्त लावून विकतात. थेट गिऱ्हाइकाच्या हातात माल देणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला २०१७च्या सेंद्रिय अन्न नियमांत सूट आहे. पण दुकानदारामार्फत, पॅकेटवर ‘सेंद्रिय’ छापून विकायचं तर प्रमाणपत्र हवं. त्याचे दोन मार्ग. निर्यातीसाठी अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या देखरेखीखालचं एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. त्यात बाहेरची संस्था तपासायला येते आणि तिची फी एकट्यादुकट्याला जड जाते. देशातल्या विक्रीसाठी पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागी हमी पद्धत. इथे तपासणी शेजारचेच शेतकरी करतात.

म्हणून पहिली अट माणसांची. एकाच किंवा लगतच्या गावातल्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. एकाने गुपचूप तणनाशक मारलं तर हमी देणारे बाकीचे चौघेही खोटे पडतात. केवळ भावकीतला म्हणून कुणाला घेऊ नका; दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून ‘हे चालणार नाही’ असं तोंडावर सांगणारा घ्या. ठाण्या-डोंबिवलीत नोकरी करून सुट्टीला गावी शेती करणाऱ्यांनाही गटात येता येतं, मात्र बैठका आणि शेतफेऱ्या चुकवून चालत नाही.

कागद फारसे नाहीत: सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक, शेताचा कच्चा नकाशा, आधी कुठली खतं-औषधं वापरली त्याची माहिती आणि सेंद्रिय पद्धत पाळण्याची सही केलेली प्रतिज्ञा. सातबारा सामाईक असेल तर हिस्सेदारांची संमती आधीच लिहून घ्या, नंतर ती मिळता मिळत नाही. गटाची नोंदणी प्रादेशिक परिषदेमार्फत, म्हणजे गटांना मान्यता देणाऱ्या संस्थेमार्फत, पीजीएसच्या पोर्टलवर होते. सुरुवात तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून किंवा ‘आत्मा’ या कृषी विस्तार यंत्रणेच्या तालुक्यातल्या माणसाकडून करा.

खरी कसोटी शेतात. आपल्याकडे भातखाचरात पाणी वरच्या शेतातून खाली उतरतं. वरच्याने युरिया टाकला की तो आपल्याही खाचरात आलाच. तपासणीत यावर प्रश्न येणारच, तेव्हा बांध उंच करा, बाजूने चर काढून पाणी वळवा, कडेची पट्टी मोकळी सोडा. फवारणीचा पंप स्वतःचा ठेवा. शेजाऱ्याच्या पंपाच्या तळाशी राहिलेलं औषध तुमच्या दशपर्णी अर्कात, म्हणजे दहा झाडपाल्यांच्या घरगुती कीडनाशकात, मिसळतं. बियाण्याच्या पिशवीवर ‘प्रक्रिया केलेलं’, म्हणजे रसायन चोळलेलं, असं लिहिलं आहे का, तेही बघा. लाल-पिवळ्या त्रिकोणाचे, म्हणजे सगळ्यात जहाल विषांचे डबे घरात पडून असतील तर पोरांच्या हाताला लागण्याआधी बाहेर काढा. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली; औषधाचा पहिला मार भाजी खाणाऱ्यापेक्षा फवारणाऱ्यावर बसतो.

रोजची वही ठेवा: काय टाकलं, कधी, बिल कुठे. सोबतचे शेतकरी शेतफेरीत हीच वही मागतात. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

हंगामी पिकांना २४ महिने आणि आंबा-चिकूसारख्या बहुवार्षिक पिकांना ३६ महिने रूपांतराचा, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याचा, काळ असतो. तोवर ‘पीजीएस-ग्रीन’, पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. अर्धं शेत रासायनिक ठेवून अर्ध्याचंच प्रमाणपत्र घेण्याचा विचार असेल तर सोडून द्या.

परंपरागत कृषी विकास योजनेत गट बसला तर तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपयांची मदत आहे, त्यातले १५,००० सेंद्रिय निविष्ठांसाठी, म्हणजे खतं-बियाण्यासारख्या गोष्टींसाठी, थेट खात्यात येतात. त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा. राज्यात कृषी योजनांना तो २०२५पासून लागतो.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट सरळ सांगा: हे प्रमाणपत्र पिकवण्याच्या पद्धतीचं आहे, प्रत्येक जुडी प्रयोगशाळेत तपासल्याचं नव्हे. आणि लेबलं एकदम हजारांनी छापू नका. ग्रीनचं लेबल ऑरगॅनिक झाल्यावर रद्दीत जातं.