गर्भधारणेची सुरुवातीची लक्षणे

दिवस राहिल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत स्त्रीला जाणवणारे शारीरिक बदल. पाळी चुकणे, मळमळ, छाती जड होऊन दुखणे, थकवा, वारंवार लघवी, एखाद्या वासाची शिसारी ही त्यांतली नेहमीची. मूल हवे म्हणून प्रयत्न चालू असतात तेव्हा यांतले काही ना काही पाळीच्या तारखेआधीच जाणवते आणि जीव तिथेच टांगून राहतो. हे साहजिक आहे. मात्र पाळी चुकण्यापूर्वी यांतले कोणतेही एक लक्षण, किंवा सगळी मिळूनही, गर्भ राहिल्याची खात्री देत नाहीत.

कारण : बीजकोषातून बीज सुटले की तिथे मागे पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सोडू लागतो. गर्भ राहो वा न राहो, बीज सुटलेल्या प्रत्येक महिन्यात हे घडते. प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी मंदावतात, म्हणून पोट फुगते आणि शौचाला साफ होत नाही. छाती दुखते, दुपारी झोप अनावर होते आणि सकाळी उठण्यापूर्वीचे तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते. गर्भ राहिला नाही तर साधारण १२ ते १४ दिवसांत पीतपिंड सुकतो आणि पाळी येते. राहिला तर गर्भाच्या बाहेरच्या पेशी एचसीजी हे हार्मोन सोडतात आणि त्याच्या जोरावर पीतपिंड टिकतो. म्हणजे निदान पहिला आठवडाभर दोन्ही महिन्यांत शरीरात एकच हार्मोन काम करत असते. ‘या वेळी काहीतरी वेगळे वाटतेय’ असे वाटणे खोटे नसते, पण त्यावरून निकाल काढता येत नाही.

दिवसांचा हिशेब : सुटलेले बीज १२ ते २४ तास टिकते, शुक्रजंतू मात्र ५ दिवसांपर्यंत. फलन बीजवाहिनीत होते. गर्भ गर्भाशयात येऊन अस्तरात रुजायला बीज सुटल्यापासून ६ ते १२ दिवस लागतात, बहुतेकदा ८ ते १०. त्यानंतरच एचसीजी रक्तात उतरते आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जाते. त्यामुळे संबंधानंतर तिसऱ्या दिवशी आलेली मळमळ गर्भाची असू शकत नाही. गर्भ असलाच तर तो तेव्हा बीजवाहिनीतच असतो. गर्भारपणाची मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून २८ दिवसांच्या चक्रात पाळी चुकली त्याच दिवशी डॉक्टर ‘चार आठवडे’ लिहितात. गर्भाचे खरे वय तेव्हा दोनच आठवडे असते.

पाळीच्या तारखेच्या आसपास काहींना गुलाबी किंवा तपकिरी डाग लागतो. तो गर्भ रुजल्याचा म्हणून आशा धरली जाते. मात्र गर्भ राहिलेल्या बहुतेकींना असा डाग लागतच नाही, आणि लागलेला डाग पुष्कळदा पाळीची सुरुवात असतो. डाग आला किंवा आला नाही, दोन्हींवरून काही ठरवू नये.

गल्लत होण्याच्या जागा : नाशिकच्या रोजच्या जगण्यात अशी गल्लत व्हायला बरीच कारणे सापडतात. सकाळी रिकाम्या पोटी तर्रीदार मिसळ आणि वर दोन चहा झाले की पित्त खवळते, ती मळमळ दिवस गेल्याची वाटते. चैत्रात किंवा नवरात्रात उपवास धरून वणीच्या गडावर पायी गेल्यावर चक्कर येते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत विरळणीला दिवसभर हात वर करून उभे राहिल्यावर कंबर आणि छाती दुखणारच. बागेतल्या कामाबद्दल एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून काड्यांना लावतात ते हायड्रोजन सायनामाइड विषारी आहे. मूल हवे असलेल्या स्त्रीने या पेस्टिंगपासून आणि फवारणीपासून दूरच राहावे, कारण पहिले आठवडे कळण्याआधीच निघून जातात.

सर्वांत मोठा गोंधळ पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांनी होतो. घरात सत्यनारायण आहे, त्र्यंबकेश्वरला जायचे आहे, म्हणून मेडिकलमधून नोरेथिस्टेरॉन आणून परस्पर घेतली जाते. गोळ्या चालू आहेत तोवर पाळी येत नाही आणि थांबवल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत येते. दरम्यान छाती दुखते, पोट फुगते. ज्या महिन्यात प्रयत्न चालू आहेत त्या महिन्यात ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. उपचारात दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनीही हीच लक्षणे येतात आणि पाळी लांबते. त्या मात्र मनाने बंद करू नयेत. आधी चाचणी करावी.

घरगुती चाचणी : किट गोळे कॉलनीतल्या औषधबाजारापासून गल्लीतल्या मेडिकलपर्यंत सगळीकडे मिळते. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात सरकारी ‘निश्चय’ किट मोफत मिळते. हे किट लघवीतले एचसीजी ओळखते, म्हणून चाचणी पाळी चुकल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीवर करावी. रात्रभर साठलेली लघवी दाट असते. त्याआधी तांब्याभर पाणी प्यायले तर ती पातळ होऊन रेघ न उमटण्याची शक्यता असते. लघवी कोरड्या, साबण न लागलेल्या भांड्यात घ्यावी. पाकीट वापरायच्या क्षणीच फोडावे, पट्टी सपाट ठेवावी आणि ड्रॉपरने ‘एस’ लिहिलेल्या खळग्यात पाकिटावर सांगितले असतील तितके थेंब, बहुधा तीन, सोडावेत. जास्त ओतले तर खिडकीत पाणी पसरते आणि चाचणी वाया जाते. पाच मिनिटांनी वाचावे. ‘सी’ची रेघ आलीच पाहिजे, ती नसेल तर किट बाद. ‘टी’ची रेघ फिकी असली तरी रंगीत असेल तर गर्भ आहे असे धरावे. दहा मिनिटांनंतर वाळताना दिसणारी राखाडी, बिनरंगाची रेघ मोजू नये. कचऱ्यातून पट्टी काढून पुन्हा उजेडात धरण्याने मनाचा छळ तेवढा होतो.

किट ३० अंशांखाली ठेवायचे असते. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या किटवर भरवसा ठेवू नये. मीठ, साखर, टूथपेस्ट लघवीत घालून फेस बघण्याला काही आधार नाही.

रेघ अगदी फिकी असेल तर ४८ तासांनी पुन्हा करावी. आली नाही आणि पाळीही आली नाही तर तीन दिवसांनी, मग आठवड्याने. पीसीओएस या बीजकोषाशी संबंधित हार्मोनच्या विकारामुळे ज्यांची पाळीची तारीखच ठरलेली नसते त्यांनी शेवटच्या संबंधानंतर २१ दिवस मोजावेत. बीज सुटण्यासाठी एचसीजीचे इंजेक्शन घेतले असेल तर तेच हार्मोन लघवीत उतरते आणि जवळजवळ दोन आठवडे खोटी रेघ दाखवू शकते. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच चाचणी करावी. घाई असेल किंवा शंका असेल तर बीटा एचसीजी ही रक्तचाचणी करतात. साधारणपणे ५ पेक्षा कमी म्हणजे गर्भ नाही, २५ च्या वर म्हणजे आहे, आणि मधला आकडा आल्यास ४८ तासांनी पुन्हा.

कधी रेघ येते आणि चार-सहा दिवसांत पाळीही येते. गर्भ रुजला पण वाढला नाही, असा त्याचा अर्थ. बहुतेकदा गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे असे होते. जिना चढल्याने, पपई खाल्ल्याने किंवा गाडीवर बसल्याने ते झालेले नसते आणि घरातल्या कुणी तिला तसे ऐकवू नये.

पुढे : फोलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम प्रयत्न सुरू करण्यापूर्वीच चालू करावे. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून बनतात ती मज्जानलिका पाळी चुकल्यानंतरच्या दोन आठवड्यांतच बंद होते, त्यामुळे चाचणीनंतर सुरू केलेली गोळी उशिराची ठरते. पाळीची वाट पाहताना अंग दुखले तर आयब्युप्रोफेनऐवजी पॅरासिटामॉल घ्यावी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आदिवासी भागांतल्या जोडप्यांनी दोघांची सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी आधीच करून घ्यावी. रेघ आल्यावर १२ आठवड्यांच्या आत गर्भारपणाची नोंदणी करावी. पहिली सोनोग्राफी साधारण सातव्या आठवड्यात करतात. त्याआधी ठोके दिसले नाहीत तरी ते पुष्कळदा केवळ घाईमुळे असते.

रेघ आलेली असताना ओटीपोटात एका बाजूला वाढत जाणारी कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, घेरी किंवा रक्तस्राव झाल्यास गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत (नळीत) रुजल्याची शक्यता असते. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीवावर बेतते, म्हणून सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावे.